शेरा : अंगठा दिसतो

१

साडेदहाची बस, अकराला ताईचं दार, सव्वाअकराला चहा आणि साडेअकराला नवी पेटी. तीन आठवडे हाच क्रम चालला होता. निवृत्त माणसाला कुणी काम दिलं की तो नोकरीत कधी नव्हता इतका वक्तशीर होतो, असं माझी बायको म्हणते. तिचं बरोबर असतं, म्हणून मी उत्तर देत नाही.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि माझं नाक पुसण्यापासून परीक्षेच्या सकाळी हलवून उठवण्यापर्यंत सगळं ताईच्या गळ्यात पडलं. मी त्रेसष्ट वर्षांचा झालो तरी तिच्या तोंडी अजून छोट्याच आहे. भावोजी गेल्या हिवाळ्यात गेले. मुलगी लांब, सासरी. तेव्हापासून ती त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटी राहत होती. न्हाणीघरात दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा चार तास फरशीवर बसून होती, आणि ही गोष्ट तिनं मला आठ दिवसांनी, चहात साखर ढवळता ढवळता सांगितली. ऐकून मला रडूही आलं आणि रागही आला. आमच्या घरी तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती, खाटेवर नवी चादर घातली होती. पण ताईचं एकच म्हणणं, "ह्यांचा संग्रह मार्गी लागू दे. मग मी आपण होऊन येते." तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून यादी करायचं काम मी अंगावर घेतलं. संग्रह एकदाचा घराबाहेर पडला की ताई सुटली, एवढंच मला कळत होतं.

भावोजी परदेशांतल्या मध्ययुगीन हस्तलिखितांचे मोठे जाणकार. त्यांच्या तीन जाड ग्रंथांचा लोक अजून आधार घेतात. गंमत अशी, की ह्या माणसानं उभ्या जन्मात एकाही हस्तलिखिताला हात लावला नव्हता. गाडीत बसलं की त्यांना गरगरायचं. त्यामुळे देशोदेशींच्या दप्तरखान्यांना पत्रं लिहायची, पानांचे फोटो मागवायचे आणि खोलीत बसून ते भिंगाखाली वाचायचे, असं त्यांनी पन्नास वर्षं केलं. त्या फोटोंच्या बावीस पेट्या झाल्या होत्या.

एका ग्रंथालयानं संग्रह घ्यायचं कबूल केलं होतं, दोन अटींवर. प्रत्येक फोटोची नोंद हवी आणि प्रत्येक फोटोचा फोनवर पुन्हा फोटो हवा. ग्रंथपाल बाईंनी मला सात रकान्यांचा तक्ता दिला. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

पहिल्या पेटीच्या झाकणावर भावोजींनी तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'यापुढे नक्कल नको.' अशा सूचना मी ग्रंथालयाच्या नोकरीत शेकड्यांनी पाहिल्या आहेत. दप्तरखाने फोटो देतात ते अभ्यासापुरते, पुढे छापायचे नाहीत असं बजावून. मी हक्कांच्या रकान्यात 'नकलेस मनाई, परवानगी पाहावी' असं लिहिलं आणि बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हक्कांचं आम्ही पाहून घेतलंय. तुम्ही बिनधास्त काढा."

मी काढत गेलो. अडतीस वर्षं वरून आलेल्या सूचनेप्रमाणेच काम केलं होतं, तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

२

हस्तलिखिताचं पान म्हणजे जनावराचं कातडं. पाचशे वर्षांनीही ते नीट पडून राहत नाही. कडेनं वळतं आणि सैल सोडलं की आपोआप उलटतं. म्हणून फोटो काढताना कुणीतरी ते बोटानं दाबून धरतं. जुन्या फोटोंत असं बोट हमखास सापडतं. तेव्हा पहिल्याच फोटोत डावीकडच्या समासात कुणाचा तरी अंगठा आलेला दिसला, तशी मी शेऱ्यात 'अंगठा दिसतो' असं लिहिलं आणि पान बाजूला ठेवलं.

तिसऱ्या पेटीपर्यंत मी ते दीडशे वेळा लिहिलं. मग हात दुखायला लागला आणि मी 'वरीलप्रमाणे' लिहू लागलो. पण वरीलप्रमाणे लिहायचं तर ते खरोखर वरीलप्रमाणे आहे ना, हे पाहणं आलं. आम्हा ग्रंथालयवाल्यांना ही खोड असते. मी भावोजींचं भिंग घेतलं.

उजव्या हाताचा अंगठा होता. नख रुंद, चौकोनी, मधोमध एक उभी चीर, आणि त्या चिरेत काळं काहीतरी बसलेलं. शाई असावी. एकसष्ट साली काढलेल्या प्रार्थनेच्या पोथीवर तो होता. चौऱ्याहत्तर सालच्या कायद्याच्या पोथीवर तो होता. अठ्ठ्याऐंशी साली दुसऱ्याच एका देशातून आलेल्या, राजांच्या वंशावळीवरही तोच होता. नख तेवढंच वाढलेलं, चीर तिथंच.

आमच्या कामात एक नियम आहे. दोन प्रतींत एकच चूक सापडली, तर त्या एका आईच्या लेकी. चूक ही घराण्याच्या नाकासारखी असते, ती लपत नाही. मी स्वतःशी म्हटलं, कुणी एक फिरता फोटोवाला असेल, देशोदेशी हिंडून पोटाला मिळवत असेल. सत्तावीस वर्षांत त्याच्या नखाला काहीच कसं झालं नाही, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही.

प्रकाश बरा आहे का हे बघायला पहिल्या दिवशी मी पहिला फोटो ताईचाच काढला होता. भावोजींच्या वाचायच्या खुर्चीत ती अंगात राखाडी स्वेटर घालून बसली होती. मागच्या भिंतीवर भावोजींचं आवडतं पान, वनौषधींच्या एका पोथीतलं, मोठं करून चौकटीत लावलेलं आहे. त्यात निळ्या फुलांचं एक झाड आहे आणि त्याची मुळं पार पानाच्या तळापर्यंत गेली आहेत. फोटो छान आला. मी तो बायकोला पाठवला आणि खाली लिहिलं, 'महाराणी अजून सिंहासन सोडायला तयार नाहीत.'

३

सतरा पेट्या झाल्यावर एकदा चहाच्या वेळी मी ताईला विचारलं, "भावोजींच्या अंगठ्याचं नख चिरलेलं होतं का गं?"

"ह्यांचं? ह्यांची नखं माझ्यापेक्षा नाजूक होती. कधी काडी उचलली नाही या माणसानं, नख कुठून चिरणार?" ती हसली. मग म्हणाली, "त्या अंगठ्याचं म्हणतोयस होय."

"तुला माहितीये?"

"पंधरा वर्षं डोकं खाल्लं त्यानं ह्यांचं. तेच तेच पान पुन्हा मागवायचे. म्हणायचे, एकदा तरी अंगठ्याशिवाय यायला हवं. मी म्हणायची, अहो, अक्षरावर तर नाही ना आलेला, मग असू दे की. तर म्हणाले, अजून नाही आलेला."

पत्रांची फाईल तिनंच काढून दिली. भिंतीवरच्या त्या निळ्या फुलांच्या पानासाठी भावोजींनी एकाच दप्तरखान्याला नऊ पत्रं लिहिली होती. प्रत्येक पत्रात विनंती एकच : कृपया बोट न येऊ देता पुन्हा फोटो काढावा. पहिली उत्तरं अदबीची होती. चौथ्या पत्राला उत्तर आलं की आमच्याकडे पान जाड काचेखाली ठेवून फोटो घेतात आणि त्या वेळी पानाला हात लावायची कुणालाही मुभा नाही. मूळ पान आम्ही आज पुन्हा पाहिलं, त्यावर कसलाही डाग वा ठसा नाही. शेवटचं उत्तर चार ओळींचं होतं. काच तपासली, कॅमेरा तपासला, दोन्ही ठीक आहेत. आमच्या छायाचित्रकारानं नोकरी सोडली आहे. यापुढे या विषयावर पत्रव्यवहार करू नये, ही विनंती.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं उलटं होतं. मूळ पानावर अंगठा नव्हता. तो फक्त नकलेत होता.

त्या पानाचे नऊ फोटो एका पाकिटात सापडले. पहिला दप्तरखान्यातून आलेला. पुढचे भावोजींनी गावातल्या फोटोवाल्याकडून काढून घेतलेले, आधीच्या नकलेवरून पुढची नक्कल असे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं एक आकडा होता. चार. सात. बारा. एकोणीस. मी मोजपट्टी लावून पाहिली. पानाच्या कडेपासून अंगठा किती आत आला आहे, त्याचे ते मिलिमीटर होते. नवव्या फोटोमागे आकडा नव्हता. तो फोटो कात्रीनं मधून कापलेला होता आणि डावीकडचा भाग पाकिटात नव्हता.

"तो कुठाय?" मी ताईला विचारलं.

"मला दाखवला नाही त्यांनी. स्वयंपाकघरात शेगडीवर जाळला. आठ दिवस त्या खोलीत गेले नाहीत. मग मला वाटतं, त्यानंतरच झाकणांवर ते लिहीत बसले होते."

"नक्कल नको, ते?"

"हो. बावीसच्या बावीस झाकणांवर."

चहा तसाच टाकून मी उठलो. दुसऱ्या पेटीपासून मी झाकणं वाचायचंच सोडलं होतं. एकदा नोंद केली की पुढे वरीलप्रमाणे.

४

भुताखेतांसाठी ग्रंथालयात स्वतंत्र कपाट असतं, क्रमांकासकट. त्यांची पुस्तकं मी आयुष्यभर लावली आणि एकही वाचलं नाही. तेव्हा मी ठरवलं की डोकं ठिकाणावर ठेवून एकदा तपासू. फोटो आणि त्याचा फोनवरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. मूळ फोटोत नख आणि त्यामागचं थोडं मांस होतं. फोनमध्ये पेर दिसत होतं. मी म्हटलं, भिंगाचा दोष. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. चौथ्यानंतर मी फोन उपडा ठेवला.

ताईच्या कोपऱ्यावर एक झेरॉक्सवाला आहे. बोलका माणूस, सगळ्या गल्लीची कागदपत्रं त्याच्या हाताखालून जातात. त्याच्याकडे वंशावळीचा फोटो घेऊन गेलो आणि त्याला सांगितलं, एक प्रत काढा, मग त्या प्रतीची प्रत, मग तिची प्रत.

"प्रतीची प्रत कशाला काका? मूळ आहे ना हातात. उगाच पुसट येईल."

"तुम्ही काढा हो."

यंत्रातून पहिला कागद आला, दुसरा आला. तिसरा हातात घेऊन तो थबकला. त्यानं झाकण उघडून काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, झाकण लावलेलं होतं ना मी?"

"होतं."

"मग तुमचा हात कसा आला मध्ये?"

हात पुसट अजिबात नव्हता. अक्षरं फिकी पडली होती, राजांची नावं लागत नव्हती, पण डावीकडे मनगट होतं आणि मनगटावर कसल्या तरी जाड कापडाची बाही. अंगठा तिसऱ्या राजाच्या नावावर टेकला होता. दाबलेला होता, कारण नखाचं टोक पांढरं पडलं होतं.

"परत काढून देऊ?" त्यानं विचारलं.

"नको."

"नाही, चूक आमची आहे, मी देतो काढून," म्हणत त्यानं बटण दाबलंसुद्धा. मी यंत्राच्या तोंडाशी हात धरला आणि कागद बाहेर येताच न बघता चुरगाळला. म्हाताऱ्यांचं असं होतं, अशा समजुतीनं त्यानं माझ्याकडून काही घेतलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी फोन खिशातच ठेवला. नुसती यादी पुरी करू, फोटोंचं बाईंना काहीतरी कारण सांगू, असं ठरवून बसलो. पण बसवेना. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. ताई खुर्चीत विणत बसली होती.

"तुला मुंग्या चावतायत का रे छोट्या?"

"तुला काही ऐकू येतंय का?"

"काय?"

काय ते मला नीट सांगता आलं नाही. कोरड्या कागदावरून बोट फिरवल्यासारखा आवाज होता. थांबायचा, मग पुन्हा. दुपारची वेळ होती, खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि तरी तो आवाज त्याखालून ऐकू येत होता. उन्हानं पुठ्ठा तापतो, फुगतो, आवाज होतो. हे मी स्वतःला दोनदा समजावलं. मग मी पेट्यांच्या बाजूनं एक चक्कर मारली. भिंतीकडे सतरा पेट्या होत्या, माझे फोटो काढून झालेल्या. दाराकडे पाच, अजून न उघडलेल्या. त्या पाच गप्प होत्या.

"ताई, आपण आजच जाऊ या. चार कपडे घे, बाकीचं नंतर आणू."

"आणि यादी?"

"मरू दे यादी."

तिनं सुया खाली ठेवल्या. "पन्नास वर्षं त्यांनी जमवलं ते मी जिन्याखाली टाकून येऊ? पाच पेट्या राहिल्यात. पाच दिवसांचं काम." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि खरं सांगू का, हल्ली मला इथून उठायचा कंटाळा येतो. पाय दुखत नाहीत, काही नाही. बसलं की बसावंसंच वाटतं. वय झालं रे."

ती हट्टी आहे हे मला माहीत होतं. पण तिला कधी कसला कंटाळा आलेला मी पाहिला नव्हता. मला भीती वाटली, आणि ती भीती तिला दिसू नये म्हणून मी चहा करायला गेलो.

६

सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा बायको फोन घेऊन आली. "तुमची भाची बघा किती हौशी. ताईंचा तो फोटो मोठा करून, छापून, चौकट करून लावलाय. सगळ्यांना आवडलाय."

"कुठला फोटो?"

"तुम्हीच नाही का पाठवलात, सिंहासनवाला. मी घरच्यांच्या गटात टाकला."

माझ्या हातातला वस्तरा थांबला. ताईचा फोटो काढताना मी तिच्या मागच्या भिंतीचाही फोटो काढला होता. भिंतीवर चौकट होती, आणि चौकटीत ते निळ्या फुलांचं पान.

"दाखव," मी म्हणालो.

साबण लावलेल्या तोंडानं मी खुर्चीत बसलो. आधी माझा, पहिला. ताई हसत होती, मागे चौकट, चौकटीच्या आत डाव्या कडेला अंगठा, करंगळीच्या नखाएवढा लहान. पहिल्या दिवशीही तो तिथं असणार, मी पाहिलं नव्हतं एवढंच. मग बायकोनं गटात टाकलेला. तिनं कडा कापून, उजळ करून, नव्यानं साठवला होता. त्यात अंगठा चौकटीच्या लाकडावर होता. मग भाचीनं छापून भिंतीवर लावलेल्याचा तिनं काढलेला फोटो. त्यात ताईच्या मागच्या चौकटीत नुसतं झाड होतं. अंगठा खाली, खुर्चीच्या पाठीवर.

"आणि हा तुमच्या मामेभावानं टाकलाय," बायको म्हणाली. "तुमच्या भाचीकडे गेले होते ना काल, तिथं त्या फोटोचा फोटो काढला. हा मला जास्त आवडला. किती मायेनं धरलंय तुम्ही ताईंना. पण तुम्ही यात आहात, तर काढला कुणी?"

ताई खुर्चीत बसली होती. तिच्या डाव्या खांद्यावर हात होता. जाड बाहीचा. चार बोटं खांद्यामागे गेलेली, अंगठा पुढे, गळ्याच्या हाडाखाली. नखाचं टोक पांढरं. बाहीच्या वर फोटोची कड होती, त्यामुळे पुढचं काही आलं नव्हतं. ताई हसतच होती, माझ्या फोटोत होती तशीच, फक्त तिची मान किंचित त्या बाजूला वळलेली होती. कुणी हाक मारली की आपण वळवतो तेवढीच.

"पुसून टाक," मी म्हणालो. "सगळ्यांना सांग पुसून टाका. कुणी पुढे पाठवू नका, कुणी छापू नका."

"अहो, झालं काय?"

"पाठवू नका म्हणून सांग."

"आता सांगून काय उपयोग," ती गोंधळून म्हणाली. "सकाळपासून सगळ्यांनी आपापल्या फोनवर लावलाय."

७

बसची वाट न बघता मी रिक्षा केली. अर्धी दाढी तशीच होती. माझ्याकडे ताईच्या घराची किल्ली असते. दार उघडलं आणि हाक मारली.

"इथंच आहे," ती आतून म्हणाली.

ती खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. विणकाम मांडीवर होतं, पण हात त्यावर नव्हते. टेबलावर सकाळचा चहा सायीसकट गार झालेला. पेट्यांच्या बाजूनं आज कसलाच आवाज नव्हता. सतरा पेट्या आणि पाच पेट्या, सगळ्या सारख्याच गप्प.

"किती वाजल्यापासून बसलीयस?"

"उजाडल्यापासून असेन. तू लवकर आलास आज."

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग धीर करून डाव्या खांद्याकडे. तिथं काही नव्हतं. राखाडी लोकर, तिनंच विणलेली. मला इतकं हायसं वाटलं की हसू आलं. खुळा कुठला, म्हटलं, वयानं आणि वाचनानं तुझं डोकं फिरलंय.

मग ती जरा हलली, आणि स्वेटरची वीण सगळीकडे हलली, एक जागा सोडून. गळ्याच्या हाडाखाली लोकर आत गेलेली होती. अंगठ्याएवढी जागा, चपटी, कडेनं टाके ताणलेले. मी पाहत होतो तेवढ्यात ती आणखी थोडी खोल गेली.

"ताई," मी म्हणालो, आणि माझा आवाज शांत आला याचं मला आश्चर्य वाटलं, "मी तुझी पिशवी भरतो. लगेच निघू. रिक्षा खाली उभी आहे."

वाद घालील असं वाटलं होतं. पण तिनं माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं, आणि लहानपणी माझा ताप बघताना बघायची तसं पाहिलं. "इतका घाबरलास का रे?" ती म्हणाली. "बरं. येते. राहू दे त्या पेट्या. तुझ्यापेक्षा का त्या जास्त आहेत?"

तीन आठवडे मी हेच ऐकायला थांबलो होतो. मी धावत तिच्या खोलीत गेलो, कपाटातून हाताला येतील ते कपडे, औषधांचा डबा, चष्मा, सगळं पिशवीत कोंबलं. दुसऱ्या हातात तिच्या चपला घेतल्या. दोन मिनिटंही लागली नसतील. वाचायच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिलो. खुर्ची माझ्याकडे पाठ करून होती, पाठीवरून तिचे पांढरे केस दिसत होते. खिडकीच्या चौकटीला धरून उठायचा प्रयत्न करत होती. एकदा केला, दुसऱ्यांदा केला.

"छोट्या," ती मागे न बघता म्हणाली, "हात काढ की आता. उठू दे मला."

माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात चपला. आमच्या दोघांमध्ये पूर्ण खोली होती.

तिला घाबरवायचं नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

"काढला, ताई," मी म्हणालो.

तिनं खांदा किंचित हलवून पाहिला.

"नाही रे," ती म्हणाली. "अजून आहे."